ध्रुवयानाची डावी बाजू

वाद घालताना सिस्टर आवाज चढवत नसत, उतरवत असत. समोरचा तापत गेला की त्या हळू बोलू लागत, आणि शेवटी त्यांचं वाक्य ऐकायला सगळ्यांना गप्प बसून पुढं वाकावं लागे. मला त्या हळू आवाजाची धास्ती वाटायची. तो सगळ्यात हळू झाला त्या दिवशी पवनीतल्या एका कापडाच्या गोदामात आम्ही दहाबारा जण बसलो होतो, आणि कुणालाच कुणाकडे बघवत नव्हतं.

मी सांगलीकडची. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली म्हणून भंडारा जिल्ह्यात पवनीला गेले. सिस्टर तिथल्या दवाखान्यात नर्स होत्या. पन्नाशीच्या आसपास वय, ठेंगणा बांधा, चालताना चपलेचा आवाज नाही. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला नोकरीत. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. सिस्टर म्हटलं की त्याच. त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं द्यायची होती. मी बॅगा घेऊन दारात उभी राहिले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ध्रुवयान पाहते का तू?"

मला वाटलं होतं, मटण शिजवते का विचारतील, रात्री किती वाजता येते विचारतील. मी म्हटलं, "लहानपणी सिनेमा पाहिलाय. बाबा म्हणतात, जुनी मालिका फार छान होती."

"बाबा काय म्हनतात ते राहू दे. तुले काय वाटते?"

"नवं मी पाहिलंच नाही."

"मंग आधी पाहून घे."

आणि खरोखरच, बॅगा पायाशी ठेवून, त्यांच्या दर्शनी खोलीत बुद्धाच्या मूर्तीशेजारच्या टीव्हीवर मी नव्या ध्रुवयानाचे दोन भाग पाहिले. त्यानंतर खोलीची किल्ली मिळाली. 'छान आहे' असं म्हणून सुटता येत नसे. "छान म्हंजे काय? पेशंटच्या कागदावर 'बरा आहे' लिवून चालते का? काय छान, कुठं छान, ते सांग."

ध्रुवयान म्हणजे आमच्या आईवडिलांच्या पिढीनं डोक्यावर घेतलेली हिंदी मालिका. पृथ्वी सोडून निघालेलं एक प्रचंड यान, त्यातली माणसं आणि त्यांचा उभ्या कॉलरचा, भारदस्त आवाजाचा कप्तान. ग्रह पुठ्ठ्याचे आणि यंत्रांना डब्यांची झाकणं लावलेली, पण लोकांना वेड लागलं होतं. पुढं त्यावर दोन सिनेमे निघाले. मग मधे बराच काळ काही नाही, आणि अलीकडं इंटरनेटवर नवं ध्रुवयान सुरू झालं. या नव्यात कितीतरी पिढ्या उलटून गेल्यात. यानातल्या कुणीच पृथ्वी पाहिलेली नाही. कप्तान नाही. तळमजल्यावर पाण्याच्या टाक्या सांभाळणारी एक पोरगी वर येते आणि विचारते, आपण परत का जायचं? तिथं आपलं कोण आहे?

या एका प्रश्नावरून देशभरचे चाहते एकमेकांवर तुटून पडले होते. जुन्याचा खून केला म्हणणारे एकीकडं, आता कुठं गोष्ट पुढं सरकली म्हणणारे दुसरीकडं. पवनीही त्यातून सुटली नव्हती.

सिस्टर नव्याच्या बाजूच्या. आणि अर्धवट नाही, पुरत्या. दवाखान्यात इंजेक्शन देताना त्या पेशंटला विचारत, "जुनं ध्रुवयान का नवं?" माणूस विचारात पडे तोवर सुई बाहेर आलेली असे. एकदा एक गुरुजी ठासून म्हणाले, "जुनंच!" सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मंग सुईबी जुनीच वापरू का जी? उकळून?" गुरुजी पुढचे दोन डोस घ्यायला दुसऱ्या नर्सच्या पाळीत आले.

गावात चाहत्यांचं एक मंडळ होतं. ते भरे भाऊंच्या गोदामात. भाऊ म्हणजे बाजारातले कापडाचे व्यापारी. घराणं मूळ विणकरांचं, पुढं कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांच्या व्यापारात आलेलं. वय सिस्टरांएवढंच. भाऊ कप्तानाचे भक्त होते, दुसरा शब्द नाही. उभ्या कॉलरचं कोशाचं जाकीट ते भर मे महिन्यातही घालत. पदरच्या पैशानं त्यांनी प्रोजेक्टर आणला होता आणि रविवारी दुपारी साड्यांच्या गठ्ठ्यांमधली जागा मोकळी करून मंडळाला भाग दाखवत. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक तरुण यंत्राचं पाहायचा. दोनतीन मास्तर, काही कॉलेजची मुलं, आणि मी.

सिस्टर सगळ्यांच्या आधी येत आणि पुढच्या रांगेतली मधली खुर्ची घेत. त्या खुर्चीवरून त्या कुणासाठीही उठत नसत. एकदा कुणा पाहुण्यासाठी भाऊंनी "सिस्टर, जरा बाजूले" म्हटलं. सिस्टर म्हणाल्या, "पाहुण्याले दुसरी आना. मी इथंच बसन." हसत म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. आम्हाला तो त्यांचा विक्षिप्तपणा वाटे.

भाऊ आणि सिस्टर कडाडून भांडत, आणि तरी एकमेकांना धरून होते. भाऊंच्या छातीत कळ आली तेव्हा नागपूरला नेणाऱ्या गाडीत सिस्टर सोबत गेल्या होत्या. वाटेत भाऊ घाबरून बडबडत होते, तर सिस्टरांनी त्यांना जुन्या ध्रुवयानाच्या सगळ्या भागांची नावं क्रमानं म्हणायला लावली. स्वतःला न आवडणारी गोष्ट त्यांनी त्या दिवशी औषध म्हणून वापरली. भाऊ हे सगळ्यांना कौतुकानं सांगत.

भाऊंचं दुसरं आवडतं सांगणं अड्याळचं. त्यांचं आजोळ जवळच्याच अड्याळ गावचं. लहानपणी ते सुटीत तिथं असत, आणि त्या भागात टीव्ही फक्त मामाच्या घरी. "सारं गाव आमच्या मामाच्या सपरीत बसे," भाऊ सांगत. सपरी म्हणजे घरापुढची ओसरी. "लहान-मोठा कोनी नाही. सारे एका जाग्यावर. कप्तान बोलला का टाचनी पडली तं ऐकू येई. ते दिवस गेले."

हे सांगणं सुरू झालं की सिस्टर चष्मा काढून पुसत. त्यांचंही गाव अड्याळच आहे, हे मला त्यांच्या मुलाकडून कळलं. तो दिवाळीला आला होता तेव्हा सहज बोलून गेला. सिस्टर स्वतः कधी बोलल्या नव्हत्या.

मग ती मागणी आली. नव्या मालिकेच्या दोन फेऱ्या, म्हणजे सीझन, झाल्या होत्या, तिसरी व्हायची होती, आणि देशभरातल्या जुन्या चाहत्यांनी निर्मात्यांकडं मागणं लावलं की त्या टाक्यांवरच्या पोरीला काढा, कप्तानाला परत आणा. ठिकठिकाणची मंडळं आपापल्या आठवणींचे व्हिडिओ पाठवत होती. भाऊंनी ठरवलं, पवनीचाही जाईल. मंडळाच्या नावानं.

फोनवरच्या गटात आठवडाभर धुमश्चक्री चालली. सिस्टर टाइप करत नसत, आवाजी निरोप पाठवत. त्यातला एक मला आठवतो. "मंडळाच्या नावानं पाठवता तं मंडळात मीबी आहे. माझं बोलनंबी त्यात राहीन."

भाऊंनी उत्तर दिलं, "जरूर, सिस्टर. तुमची आठवन तुमी सांगा. फक्त भांडन नको."

त्या रविवारी गोदामात नेहमीची गंमत नव्हती. मोबाइलवाल्यानं स्टँडवर फोन लावला होता. भाऊ जाकीट इस्त्री करून आले होते. पहिले तेच बोलले, आणि खरं सांगते, फार सुंदर बोलले. मामाची मांडी, पानाच्या द्रोणातले गूळ-शेंगदाणे, कप्तानाचा पहिला शब्द. शेवटी ते म्हणाले, "सारं गाव एका जाग्यावर बसून पाहत होतं. ना जात, ना पात. तसं आता काही राहलं नाही. आमाले ते परत द्या. आमचा कप्तान परत द्या."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मग सिस्टर उठल्या. फोनसमोर गेल्या नाहीत. आपल्या खुर्चीपाशीच उभ्या राहिल्या. मोबाइलवाल्यानं फोन त्यांच्याकडं वळवला.

"मीबी अड्याळचीच आहे," त्या म्हणाल्या. "भाऊच्या मामाच्या टीव्हीवरच मी ध्रुवयान पाहलं."

भाऊ आनंदानं पुढं आले. "काय सांगता! इतके वर्सं बोलल्या नाही कधी?"

"तुमी विचारलं नाही."

"कुठं बसत होत्या? सपरीत का आंगनात?"

"बसत नव्हती."

भाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं. त्यांना कळलं नव्हतं. मला कळलं.

"सपरीच्या बाजूले तुमच्या मामाचा बैलाचा कोठा होता," सिस्टर सांगू लागल्या. आवाज खाली खाली येत होता. "कोठ्याकडं एक खिडकी उघडे. आमच्या वस्तीतले आमी चारपाच पोरं तिथं उभे राहत होतो. सपरीत यायची आमाले परवानगी नव्हती. टीव्हीले लाकडाची पेटी होती, पेटीले दारं. उजवीकडचं दार अर्धंच उघडे. मंग खिडकीतून आमाले पडद्याची डावी बाजू तेवढी दिसे. अन् कप्तान नेहमी उजवीकडं उभा राहे. मले कप्तान दिसतच नव्हता. आवाज ऐकू ये. दिसत कोन, तं जे यानाच्या दारातून येत अन् हुकूम घेऊन जात, ते. त्याईचेच चेहरे मले पाठ आहेत. कप्तानाचं तोंड मी सिनेमा आला तवा पाहलं. मले वाटलं, हा कोन?"

कुणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"शेवटच्या भागाच्या दिवशी यान भरकटलं अन् तेवढ्यात आतून एक हात आला. लहान पोराचा. खिडकी लागली. शेवट मी पाहलाच नाही."

भाऊंचा चेहरा लाल होत गेला. मला वाटलं होतं ते खाली मान घालतील. तसं झालं नाही.

"आमच्या मामाचं घर तसं नव्हतं," ते म्हणाले. "मामा देवमानूस होता. कोनाले कधी नाही म्हनलं नाही त्यानं."

"मी मामाले काही म्हनलं नाही. खिडकी होती, एवढं म्हनलं."

एक मास्तर मधे पडले. "सिरियलीची गोष्ट चालू आहे, सिस्टर. जात कायले आनता त्यात?"

"मी आनली? 'ना जात, ना पात' कोन म्हनलं आत्ता?" सिस्टरांचा आवाज आता इतका उतरला होता की मास्तरांना पुढं वाकावं लागलं. "आमच्या आजानं दीक्षा घेतली तवा गावातले म्हने, जुनं सोडून काहून जाता? आजा म्हने, जुन्यात आमची जागा कुठं आहे ते दाखवा, तिथं बसतो. कोनी दाखवली नाही. तुमी जुनं परत मागून राहिले, भाऊ. तुमाले मिळन तं तुमाले सपरी मिळन. मी कुठं उभी राहू, ते सांगा."

"व्हिडिओ बंद कर," भाऊ मोबाइलवाल्यावर ओरडले. "बंद कर म्हनतो ना!" त्यांचा हात लागून स्टँड पडला. तो पोरगा फोन उचलायला वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. सिस्टरांनी पर्स उचलली आणि त्या निघाल्या. मी त्यांच्यामागं गेले. घरी जिन्यापाशी म्हणाल्या, "भात लावते. खाली ये जेवाले."

पुढचे दिवस वाईट गेले. गटात सिस्टरांवर नको नको ते लिहून आलं. आधी अनोळखी नंबरांवरून, मग ओळखीच्याही. कुणी म्हणालं सहानुभूती लाटते, कुणी त्याहून घाणेरडं. त्यांना गटातून काढलं गेलं. कुणी काढलं ते कळलं नाही. माझ्या कॉलेजात एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, तुम्ही बाहेरच्या. वातावरण तापलंय. दुसरी खोली पाहून देऊ का?" मी नको म्हटलं, पण त्या संध्याकाळी घरी जाताना कोपऱ्यावर उभी असलेली पोरं पाहून पाय भरभर पडले, हेही खरं. सिस्टर ठरल्या वेळी ड्युटीवर जात होत्या. इंजेक्शन देताना त्यांनी प्रश्न विचारणं मात्र बंद केलं होतं. एक म्हातारी मला म्हणाली, "सिस्टरची सुई आता लागते वं."

भाऊ दुकानात बसत, पण जाकीट दिसेना. गोदामाला रविवारी कुलूप असे.

कसं संपलं ते आधी सांगते. मंडळ पुन्हा पूर्वीसारखं भरलं नाही. दोघं मास्तर परत आलेच नाहीत. कॉलेजची मुलं आली, सिस्टरही येऊ लागल्या. भाऊंनी निर्मात्यांना व्हिडिओ पाठवला, तो मंडळाच्या नावानं नाही, एकट्याच्या. पुन्हा नव्यानं काढलेला. त्यात गूळ-शेंगदाणे होते, मामाची मांडी होती, कप्तान परत द्या ही मागणीही होती. 'सारं गाव' हे शब्द नव्हते. "मले कप्तान पाहिजेच, सिस्टर," ते तोंडावर म्हणाले होते, "त्याले मी काय करू?" सिस्टर म्हणाल्या होत्या, "काही करू नका. पाहिजे तं पाहिजे." तिसऱ्या फेरीत कप्तान एका भागापुरता आला, जुन्या ध्वनिफितीतला नुसता आवाज होऊन. तो दोघांनाही आवडला नाही आणि त्यावर ते महिनाभर भांडले. मी बदली होऊन निघाले तेव्हा त्यांचा तो वाद चालूच होता.

पण सिस्टर म्हटलं की मला त्यातलं काही आठवत नाही. आठवते ती एक दुपार.

गोदामातल्या प्रसंगाला दोनतीन आठवडे झाले असतील. सिस्टरांची सकाळची पाळी संपली होती. मी अंगणातल्या नळावर कपडे धूत होते. फाटकाशी भाऊ येऊन उभे राहिले. साधा शर्ट, दाढी वाढलेली. सिस्टर दारात आल्या. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.

"अड्याळले गेलतो," भाऊ म्हणाले.

"बरं."

"मामी आहे अजून. ऐकाले कमी येते. विचारलं तिले. म्हने, होती खिडकी कोठ्याकडं. मच्छर येत म्हनून लावत होतो म्हने."

"मच्छर तं होतेच," सिस्टर म्हणाल्या.

भाऊंनी फाटकाची कडी धरली. "लावाले मलेच धाडत होते म्हने. मी खिडकीजवळ बसत होतो म्हनून. मले आठवत नाही, सिस्टर. तुमची शपथ, लय आठवून पाहलं. कप्तान आठवते, द्रोन आठवते, मामाच्या धोतराचा वासबी आठवते. खिडकीच आठवत नाही."

"तुमाले कशी आठवन? तुमी आतून लावली."

मी नळ बंद केला. पाण्याचा आवाज नकोसा झाला होता. भाऊंनी खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला आणि हात पुढं केला.

"शेवटचा भाग आहे. जुना. मोबाइलवाल्याकडून साफ करून घेतला. तुमचा पाहाचा राहला होता ना... म्हनून आनला."

सिस्टरांनी त्या हाताकडं पाहिलं. मला वाटलं, आता त्या दार लावून घेतील, आणि त्यांनी लावलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं.

"नको," त्या म्हणाल्या.

"काहून? एकदा पाहून तं घ्या. लय चांगला शेवट आहे."

"असन. नेटवरबी आहे तो, मले माहीत आहे. मी मुद्दाम नाही पाहलं." त्या उंबऱ्यावर टेकल्या. "त्या दिवशी घरी गेली अन् पडल्या पडल्या मीच पुढचं बनवलं. रोज थोडं थोडं. नर्सिंगच्या होस्टेलात बनवलं, लगन झाल्यावर बनवलं, पोराले झोपवता झोपवता बनवलं. तुमचा शेवट पाहून आता मी त्याचं काय करू?"

भाऊंनी हात मागं घेतला. आणि मग त्यांच्यातला चाहता वर आला. तो त्यांना आवरता येण्यातला नव्हताच.

"मंग तुमच्यात काय होते शेवटी?"

सिस्टरांनी झटकन वर पाहिलं. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता, मीही नाही. त्या उठल्या, दारातून बाजूला झाल्या, आत जाऊन एक खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"या आत. लांब आहे."

भाऊ चपला काढून आत गेले. मी ओले कपडे तसेच बादलीत ठेवून दाराशी गेले. भाऊ खुर्चीच्या काठावर बसले होते.

"कप्तान वाचते ना पन?" त्यांनी विचारलं.

"माझ्यात कप्तान नाहीच."

"नाहीच?" भाऊ हबकले. "मंग यान चालवते कोन?"

"तेच तं सांगून राहिली," सिस्टर म्हणाल्या. "ऐका तं खरं."